नव्या घरातले कासव : आधी आसरा, मग आहार

फोंडा तालुक्यातल्या एका घराच्या परसात, चिऱ्यांच्या बुटक्या भिंतीआड, एक कासव नुकतेच राहायला आले आहे. त्याची पाठ काळपट असून प्रत्येक खवल्याच्या मधोमध पिवळसर ठिपका आहे आणि पुढच्या पायांवर शेंदरी खवले आहेत. दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलांत आणि त्यांच्या कडेच्या गवताळ भागांत राहणारे हे लाल पायांचे कासव, म्हणजे प्राणी पाळणाऱ्यांच्या बोलण्यातले ‘रेड-फूट’. आधीचे कुटुंब गोवा सोडून जाणार असल्यामुळे त्यांनी ते कागदपत्रांसह या घराच्या स्वाधीन केले. आल्यापासून त्याने तोंडात काही घेतलेले नाही. पपईच्या फोडी ठेवल्या, काकडी ठेवली, कोवळी पाने ठेवली; सगळे जागच्या जागी सुकून गेले. ते आजारी आहे का, असेच उपाशी राहिले तर जगेल का, ही काळजी आता घरातल्या सर्वांना लागली आहे.

या काळजीचे उत्तर ताटलीत शोधण्याआधी ताटलीच्या भोवती शोधावे लागते, हे या माहितीपटाचे सांगणे आहे. नव्या जागी आलेले कासव पहिले काही दिवस खात नाही, तेव्हा बहुतेक वेळा त्याचे कारण रोग नसतो. ज्या जमिनीवर ते चालत होते तिचा वास गेलेला असतो, लपण्याची जागा बदललेली असते, प्रवासात त्याला उचलले, हलवले, खोक्यात कोंडले गेलेले असते. लाल पायांच्या कासवांवर झालेल्या प्रयोगांतून असे दिसून आले आहे की, ती आजूबाजूच्या खुणा लक्षात ठेवून वाट शोधतात. अशा प्राण्याच्या सगळ्या खुणा एका दिवसात पुसल्या गेल्या, तर त्याने अंग आक्रसून बसावे यात नवल नाही. प्रौढ, धडधाकट कासव आठवडा-दोन आठवडे अन्नावाचून राहू शकते आणि त्याने त्याचे फारसे बिघडत नाही. पिल्लाला मात्र एवढी सवलत नसते. त्याने तीन-चार दिवस काहीच खाल्ले नाही, तर पशुवैद्याला विचारणे आवश्यक आहे.

कासवाच्या शरीराला स्वतःची ऊब निर्माण करता येत नाही. ती त्याला बाहेरून, उन्हातून, तापलेल्या मातीतून किंवा दिव्याखालून घ्यावी लागते, आणि पोटातले अन्न पचण्याची गती त्या उबेवर अवलंबून असते. अंग थंड असेल तर भूकच लागत नाही, आणि अशा वेळी बळजबरीने भरवलेले अन्न आतड्यात तसेच पडून राहते. या जातीच्या कासवाला दिवसा पंचवीस ते तीस अंश सेल्सिअसची हवा मानवते, अंग शेकायला एका कोपऱ्यात बत्तीस अंशांच्या आसपासची जागा लागते, आणि रात्री पारा वीस-बावीसच्या खाली जाऊ नये अशी काळजी घ्यावी लागते. गोव्याच्या किनारपट्टीवर वर्षातले बहुतेक दिवस निसर्गच हे भागवतो. त्यामुळे येथे खरे शत्रू दुसरेच असतात : वातानुकूलित खोली, गुळगुळीत फरशी आणि एप्रिल-मे महिन्यांतले आडोसा नसलेले ऊन. गुळगुळीत फरशीवर कासवाचे पाय फाकतात, फिनेलचा वास त्याच्या नाकाशी सतत येत राहतो, आणि दिवाणखान्यात मध्यभागी ठेवलेले कासव कोणत्याही बाजूला अंग टेकवू शकत नाही. ‘घरात आपल्या डोळ्यांसमोर असू दे’ ही भावना समजण्यासारखी आहे, परंतु कासवासाठी ती सोयीची नाही.

या कुटुंबाने परसातला सावलीचा भाग निवडला, हा निर्णय योग्य ठरला. भोवतीची भिंत चिऱ्यांची आहे आणि तिच्यातून आरपार दिसत नाही, याला महत्त्व आहे; जाळीतून पलीकडचे दिसत राहिले की कासव दिवसभर त्या जाळीला डोके लावून येरझारा घालते आणि त्यात त्याची शक्ती खर्च होते. तळाला माती, सुकलेला पाचोळा आणि नारळाच्या सोडणांचा चुरा पसरला आहे. सोडणाचा चुरा ओल धरून ठेवतो, आणि या जातीला हवेतली ओल मानवते. कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांच्या पाठीवरचे खवले उंचवट्यांसारखे वर येतात, तसे दमट हवेत सहसा होत नाही. एका कोपऱ्यात फुटका माठ आडवा करून, निम्मा मातीत पुरून ठेवला आहे. कुत्रे, मुंगूस किंवा घोरपड आत शिरू नये म्हणून वरून जाळीचे झाकण आहे.

त्या माठातच कासवाने आपले पहिले दिवस काढले. घरातली मुलगी दर तासाला वाकून आत पाहत होती, तेव्हा आजीने तिला जे सांगितले ते कोणत्याही पुस्तकात शोभले असते : “बाय, भूक लागली की येईल ते आपणहून. तू तिथून बाजूला हो बघू.” लपायला जागा मिळालेले कासव लवकर बाहेर येते, आणि ज्याला सारखे लपण्यातून बाहेर ओढले जाते ते अधिकाधिक आत जाते. उचलले जाणे म्हणजे कुणीतरी आपल्याला धरले, एवढेच त्याला कळते. म्हणून पहिले काही आठवडे अंघोळ, वजन आणि स्वच्छता यांपलीकडे त्याला हात लावू नये. शेजारपाजारची माणसे श्रद्धेने हात जोडायला येतात, कुणी हळदकुंकूही आणते. त्यांना प्रेमाने थांबवावे, कारण कासवाची पाठ हा त्याच्या शरीराचा जिवंत भाग असून तिला स्पर्श कळतो.

अन्नाच्या आधी पाणी. नव्या घरी आलेल्या कासवाच्या बाबतीत हा क्रम ज्यांनी पाळला, त्यांची निम्मी चिंता कमी होते. प्रवासात शरीरातले पाणी घटलेले असते, आणि तहानलेले कासव सहसा खात नाही. पडद्यावर आता जे घमेले दिसत आहे, त्यात मनगटाला किंचित उबदार लागेल असे पाणी आहे आणि त्याची पातळी कासवाच्या हनुवटीच्या खाली राहील एवढीच आहे. सुरुवातीला ते घमेल्याच्या कडेवर पाय घासत राहते. मग थांबते. मान पुढे काढून नाकापर्यंतचे तोंड पाण्यात बुडवते, आणि तेव्हा त्याच्या घशाची कातडी हळूहळू वर-खाली होताना स्पष्ट दिसते. ते पाणी पीत आहे. पंधरा-वीस मिनिटांनी पाण्यात विष्ठा आणि तिच्यासोबत पांढरा भाग पडतो. हा पांढरा भाग मऊ, दह्यासारखा असेल तर शरीरात पाणी पुरेसे आहे, आणि तो खडूच्या भुकटीसारखा खरखरीत असेल तर अंघोळी वाढवायला हव्यात. सुरुवातीला रोज अशी अंघोळ घालणे चांगले. घमेले त्याच कामासाठी वेगळे ठेवावे आणि कासवाला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात आणि लहान मुलांना त्यांचा त्रास अधिक होतो.

आता अन्नाकडे वळू. पहिला नियम असा की, आधीच्या घरी ते जे खात होते तेच काही दिवस द्यावे, मग ते सर्वोत्तम नसले तरी चालेल. दुसरे म्हणजे, रोज त्याच वेळी, त्याच ठिकाणी, माठापासून दोन हातांवर, सपाट दगडावर अन्न ठेवावे आणि ठेवणाऱ्याने तिथून निघून जावे. सकाळी ऊन अंगावर घेऊन झाल्यानंतरची वेळ उत्तम. या जातीला लाल, पिवळा आणि केशरी हे रंग चटकन ओढून घेतात, कारण जंगलात झाडाखाली पडलेली फळे आणि फुले हा तिच्या आहाराचा मोठा भाग असतो. या घरात त्यासाठी बाजारात जावे लागले नाही. अंगणात तांबड्या जास्वंदीचे झाड होते, आणि मानकुराद आंब्याचा हंगाम संपता संपता चार फळे टोपलीत उरली होती.

पहिला घास जास्वंदीचा होता. कासव दगडापाशी येऊन थांबले, मान लांबवून फुलावर नाक टेकवले आणि बराच वेळ तसेच राहिले. त्याला दात नसतात. नखासारख्या कठीण कडांच्या जबड्यांनी ते पकडते आणि मान मागे खेचून तोडते. पाकळी जबड्यात आली, त्याने पुढचा पाय फुलाच्या देठावर रोवला, मान मागे घेतली आणि पाकळी उभी फाटली. मग दुसरी. फुलाच्या मधल्या दांडीवरचा पिवळा पराग त्याच्या वरच्या ओठावर लागून राहिला होता.

येथे एक धोका आहे, आणि अनेक घरांत तो उशिरा लक्षात येतो. खाऊ लागले म्हणून आनंदाने रोज आंबा आणि पपईच दिली, तर कासव गोडाला चटावते आणि पाने बाजूला सारू लागते. फळ हे बोलावण्याचे साधन समजावे. आंब्याचा गर बारीक चिरलेल्या जास्वंदीच्या, तुतीच्या किंवा शेवग्याच्या पानांत कालवावा आणि दर खेपेला गर थोडा कमी, पाने थोडी जास्त करत जावे, म्हणजे काही आठवड्यांत पाने हाच आहाराचा मुख्य भाग होतो आणि फळ आठवड्यातून एक-दोनदा पुरते. ही जात थोडा मांसाहारही करते, म्हणून दहा-पंधरा दिवसांतून एकदा उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा किंवा गांडूळ चालते. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडचे सुलकाटा कासव पाळणाऱ्यांनी मात्र हे अनुकरण करू नये; ते गवत आणि पाल्यावर जगणारे आहे, त्याला फळ आणि मांस दोन्ही बाधतात. दूध, पाव, पेज, शिजवलेला भात कोणत्याही कासवाला देऊ नये. पालक आणि तांबडी भाजी यांत कॅल्शियम अंगी लागू न देणाऱ्या ऑक्सॅलेटचे प्रमाण जास्त असल्यामुळे ती क्वचितच द्यावी.

पावसाळा सुरू झाला की गोव्यातल्या प्रत्येक परसात तेरे आणि अळू आपोआप उगवते. त्यांच्या कच्च्या पानांत सुईसारखे टोकदार स्फटिक असतात आणि ते तोंडाला व घशाला टोचून सूज आणतात. शोभेची डिफेनबाखिया, कण्हेर आणि पिवळ्या फुलांची बिट्टी ही तर विषारीच. कुंपणाच्या आत यांतले काही उगवले नाही ना, हे पाऊस पडून गेल्यावर आठवड्याला पाहिले पाहिजे. देवाला वाहिलेले निर्माल्य आणि बाजारातली फुले देऊ नयेत, त्यांवर फवारणी झालेली असण्याची शक्यता असते.

कॅल्शियमसाठी किनाऱ्याचाच उपयोग होतो. माणकी (कटलफिश) या समुद्री जीवाच्या पाठीत असलेले पांढरे, हलके समुद्रफेस वाळूवर वाहून आलेले सापडते. ते काही दिवस पाणी बदलत भिजवून, मीठ काढून, उन्हात सुकवून ठेवले की कासव हवे तेव्हा ते कुरतडते. पण कॅल्शियम हाडांत उतरण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते, आणि ते सूर्यप्रकाशातल्या यूव्हीबी या अतिनील किरणांमुळे त्वचेत तयार होते. खिडकीच्या काचेतून आत आलेल्या उन्हाचा त्यासाठी उपयोग नाही, कारण काच ते किरण अडवते. जून ते सप्टेंबर ढगाळ दिवसांची रांग लागते, तेव्हा आडोशाखाली यूव्हीबीचा दिवा लावावा लागतो. वीज वारंवार जाते अशा गावांत अंग शेकण्यासाठी फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली हाताशी असावी.

कासव न खाणे आणि कासव आजारी असणे यांतला फरक ओळखण्याची काही लक्षणे आहेत. नाकातून पाणी किंवा फुगे येणे, तोंड उघडे टाकून, मान ताणून श्वास घेणे, डोळे खोल जाणे किंवा पापण्या सुजणे, पाठ दाबल्यावर मऊ लागणे, यांतले एकही दिसले तर वाट पाहत बसू नये. छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा, म्हणजे श्वासपटल, कासवाला आपल्यासारखे नसते, त्यामुळे फुप्फुसात साचलेला कफ त्याला खोकून बाहेर टाकता येत नाही आणि साधी वाटणारी सर्दी लवकर गंभीर होते. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार केलेला पशुवैद्य कुठे आहे, हे कासव घरी आणण्याआधीच शोधून ठेवावे.

कायद्याची बाजू टाळून चालणार नाही. भारतातली तारा कासवे आणि गोड्या पाण्यातली आपली कासवे घरात पाळता येत नाहीत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर तारा कासव पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे. परदेशी जातींची, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या साईट्स यादीतल्या प्राण्यांची, नोंद केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते आणि ताबा बदलला की तेही कळवावे लागते. लाल पायांचे कासव त्या यादीच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. पावसात विहिरीजवळ किंवा शेताच्या बांधावर भेटलेले कासव उचलून घरी आणू नये. मोरजी, आगोंद, गालजीबाग येथल्या किनाऱ्यांवर अंडी घालायला येणाऱ्या सागरी कासवांच्या पिल्लांबाबत तर हे अधिकच काटेकोरपणे पाळले पाहिजे. जखमी कासव आढळल्यास वन खात्याला कळवावे.

आता या घरातले कासव रोज खाते. आठवड्यातून एकदा, अंघोळीच्या आधी, त्याला स्वयंपाकघरातल्यासारख्याच पण वेगळ्या ठेवलेल्या डिजिटल काट्यावर ठेवून वजन वहीत लिहिले जाते, कारण वजनातली घट डोळ्यांना दिसण्याआधी आकड्यात दिसते. वजन सलग दोन-तीन आठवडे उतरत गेले किंवा एकूण दहावा हिस्सा कमी झाले, तर ती वही घेऊनच दवाखान्यात जायचे ठरले आहे. महिना पूर्ण झाल्यावर ताज्या विष्ठेचा नमुना कृमींच्या तपासणीसाठी द्यायचा आहे. कृमींचे औषध मात्र अंदाजाने द्यायचे नाही. आयव्हरमेक्टिन हे इतर जनावरांना सर्रास दिले जाणारे औषध कासवांसाठी घातक असते, म्हणून तपासणीचा निकाल आणि पशुवैद्याने लिहून दिलेली मात्रा हातात आल्यावरच पुढचे पाऊल उचलायचे आहे.