राक्षसाला कंठ फुटतो तेव्हा
(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, आत्ता येताना टपरीवर चहा घेतला. एकानं विचारलं, "आज कशावर बोलणार?" म्हटलं, फ्रँकेन्स्टाईनवर. "तो मानेत खिळे ठोकलेला?" तोच. पण ते खिळे १९३१च्या सिनेमातले. मेरी शेलीच्या १८१८च्या कादंबरीत खिळे नाहीत, आणि फ्रँकेन्स्टाईन हे राक्षसाचं नावही नाही. ते त्याला घडवणाऱ्या विद्यार्थ्याचं, व्हिक्टरचं आडनाव. राक्षसाला नावच ठेवलेलं नाही.

१८१६च्या पावसाळी उन्हाळ्यात, जिनिव्हाच्या तळ्याकाठी, अठरा वर्षांच्या पोरीला ही गोष्ट सुचली. आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्याच्या राखेनं युरोपातला उन्हाळा बिघडला. घरात कोंडलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायची पैज लावली.

तुम्ही म्हणाल, ही गोष्ट आपल्या पंचतंत्रात आहेच की. विद्वान ब्राह्मण मेलेल्या सिंहाची हाडं जुळवून त्याला जिवंत करतात, सिंह त्यांना खातो, आणि शहाणा तेवढा झाडावर बसून वाचतो. खरं आहे. पण सिंह खातो, कारण तो सिंह आहे. शेलीबाईंचा राक्षस जन्मतः खुनी नाही. इथं गोष्ट वेगळी वाट धरते.

ती वाट समजायला मी तुम्हाला शेजारी मिरजेला नेतो. सतारमेकरांच्या दुकानात जा. वाळका भोपळा, लाकूड, तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची घोडी, धातूच्या तारा. सगळा निर्जीव माल. पण जोडणी झाली म्हणून कारागीर उठून जात नाही. तो जवारी लावत बसतो. घोडी जराशी घासायची, तार छेडायची, कान लावायचा, परत घासायची. सूर मोकळा होईपर्यंत त्याची सुटका नाही. व्हिक्टरनं काय केलं? सुंदर म्हणून निवडलेले अवयव जोडले, मोत्यासारखे दात, काळेभोर केस. आणि तो पिवळा डोळा उघडताच घाबरून पळाला. जवारी लागलीच नाही.

पुढचं सगळं त्या पळण्यातून येतं. टाकलेला जीव एका झोपडीच्या आडोशाला लपून, आतल्या माणसांचं ऐकत भाषा शिकतो. इंग्रज कवी मिल्टन वाचतो. एका आंधळ्या म्हाताऱ्यासमोर बसून बोलतो, आणि म्हातारा नीट ऐकून घेतो. दिसत नाही ना, म्हणून. घरातले डोळस आले की काठीनं मारतात. कादंबरीच्या मधोमध काही प्रकरणं हा राक्षसच आपली कैफियत मांडतो, आणि ती वाचताना आपण व्हिक्टरच्या बाजूचे राहत नाही.

त्याचा आवाज काढून घेतला तो रंगभूमीनं. नाटकवाल्या सांगलीत हे म्हणायला जीव कचरतो, पण म्हणतो. १८२३ साली, भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'च्या वीस वर्षं आधी, लंडनला या कादंबरीवर नाटक झालं. राक्षस मुका. पात्रांच्या यादीत त्याच्या नावाच्या जागी नुसती रेघ. मेरीबाईंना ती रेघ फार आवडली होती. पुढे सिनेमानंही तो मुकेपणाच उचलला.

म्हणून आजची नवी भयकथा हाती आली की मी एवढंच पाहतो, राक्षस बोलतो का? पुष्कळांत मुडदेघराच्या जागी सर्व्हर आलेला असतो आणि राक्षस मात्र गुरगुरतच असतो. मला कंटाळा येतो.

याला अपवाद इराकी लेखक अहमद सादावीची बगदादवरची कादंबरी, २०१३ची. बाँबस्फोटांत मेलेल्यांचे तुकडे एक भंगारवाला गोळा करतो आणि शिवून एक धड करतो. का, तर तुकड्यांनाही माणसासारखं दफन मिळावं. ते धड उठतं आणि ज्याचा तुकडा त्याचा सूड घेत सुटतं. सूड पुरा झाला की तो तुकडा सडतो, मग नवं मांस लागतं, आणि हळूहळू त्यात गुन्हेगारांचंही मांस येतं. न्याय कुठं संपला आणि खून कुठं सुरू झाला, ते त्यालाही कळेनासं होतं. पण हा राक्षस एका पत्रकाराच्या रेकॉर्डरवर स्वतःची बाजू नोंदवून ठेवतो. भंगारवाला त्याला 'अमका-ढमका' छापाच्या नावानं हाक मारतो. शेजारची म्हातारी एलिश्वा मात्र या अनोळखी देहाला पाहते, तिला तो युद्धावरून न परतलेला आपला मुलगा वाटतो, आणि ती त्याला घरात घेते. डॅनियल म्हणते.