शेजारच्या रुळावरची गाडी

पडद्यावर दिसणारी ही खिडकी आपल्या गाडीची नाही. ती शेजारच्या रुळावरून धावणाऱ्या गाडीची आहे. चौकटीवर टेकलेले एक मनगट, त्यावरचे सैलसर घड्याळ, आतल्या बाकावर पेंगणारा एक माणूस आणि त्याच्या मांडीवर अर्धवट उलगडलेले वर्तमानपत्र, एवढे सगळे आपल्याला भिंतीवर टांगलेल्या चित्रासारखे निवांत न्याहाळता येते आहे. दोन्ही गाड्यांचा वेग या क्षणी ताशी 80 किलोमीटरच्या आसपास आहे, खाली खडी आणि स्लीपर यांचा नुसता करडा पट्टा झाला आहे, आणि तरीही ते मनगट जागचे हललेले नाही. अशा वेळी हातातले काम बाजूला ठेवून खिडकीशी सरकला नाही, असा प्रवासी विरळाच.

यामागचे गणित शाळकरी आहे, पण ते एकदा आकड्यांत मांडून पाहण्यासारखे आहे. दोन्ही गाड्या प्रत्येकी 200 मीटर लांबीच्या आहेत असे धरू; एक ताशी 80 किलोमीटरने धावते आहे आणि दुसरी 75 किलोमीटरने. दोघींच्या वेगातला फरक ताशी 5 किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीइतकाच. त्यामुळे मागून येणाऱ्या गाडीचे इंजिन पुढच्या गाडीच्या शेवटच्या डब्याला गाठते, तिथपासून तिचा स्वतःचा शेवटचा डबा पुढच्या गाडीच्या इंजिनाला ओलांडून जाईपर्यंत 4 मिनिटे 48 सेकंद लागतात, आणि तेवढ्या अवधीत ती 6.4 किलोमीटर अंतर कापते. याच दोन गाड्या समोरासमोरून आल्या असत्या, तर हा सगळा मामला 9 सेकंदांच्या आसपास आटोपला असता. समोरून येणारी गाडी हा एक धडाका असतो. काचा हादरतात, डोळ्यांपुढे पट्टे सरकतात आणि काय पाहिले ते कळायच्या आत सगळे संपलेले असते. सोबत धावणारी गाडी मात्र आपल्याला तिच्या अंतरंगात डोकावू देते, चालत्या माणसाने वाटेवरच्या घरांत ओझरते डोकवावे तशी.

वेगातला हा फरक स्थिरही राहत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. एका चालकाने थोडी अधिक ताकद लावली, दुसऱ्याला पुढचा सिग्नल पिवळा मिळाला, एखादा लहानसा चढ लागला, की मघाशी मागे पडलेला डबा पुन्हा पुढे सरकू लागतो. वळणाचाही यात वाटा असतो. एकमेकांलगतच्या दोन रुळांच्या मध्यरेषांत साडेचार मीटर अंतर असेल, तर 90 अंशांच्या वळणात बाहेरच्या गाडीला आतल्या गाडीपेक्षा सुमारे 7 मीटर जास्त धावावे लागते. मग ते वळण कितीही मोठे किंवा लहान असो. म्हणजे वेग अगदी सारखे असले तरी वळण संपता संपता आपल्या समोरची खिडकी बदललेली असते. मघाचे ते मनगट मागे जाते, त्याच्या जागी काचेला नाक लावून बसलेले एक मूल येते, आणि दोन मिनिटांनी तेच मनगट परत येते. ओळख ना पाळख, पण ते परत आले याचा आपल्याला उगाचच आनंद होतो.

या दृश्याला पूर्वी तालाचीही साथ असे. तुकड्या-तुकड्यांनी जोडलेल्या रुळांच्या प्रत्येक सांध्यावर चाकांचा ठोका पडे. 13 मीटर लांबीच्या रुळांवर आपल्या उदाहरणातल्या दोन गाड्या धावत असतील, तर दोघींचे ठोके दर 9 सेकंदांच्या सुमारास एकमेकांत मिसळतात आणि पुन्हा वेगळे होतात. दोन तबलजींनी किंचित वेगळ्या लयीत तोच ठेका धरावा, तसे. वेल्डिंग करून सलग केलेल्या रुळांनी प्रवास आरामाचा केला, देखभाल सोपी केली आणि हा ताल मात्र जवळजवळ पुसून टाकला. तक्रार करण्यासारखे त्यात काही नाही, तरी कानाला ती उणीव जाणवते.

आता फलाटावर उभ्या असलेल्या दोन गाड्यांकडे वळू. कॅमेरा मुद्दाम असा धरला आहे की चौकटीत फक्त शेजारची गाडी दिसावी. फलाट नाही, खांब नाही, आकाशही नाही. ती गाडी हळूच हलते, आणि निघालो ते आपणच, तेही मागच्या दिशेने, असे क्षणभर वाटते. या भासाला शास्त्रात व्हेक्शन असे नाव आहे. आपल्या अंतर्कर्णातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियांना वेगातला बदल कळतो, पण एकसारखी गती कळत नाही. गाडी अगदी सावकाश निघाली, तर तो बदल त्यांच्या लक्षात येण्याइतका नसतो. अशा वेळी निवाडा डोळ्यांवर सोपवला जातो, आणि डोळ्यांपुढचे बहुतेक सगळे दृश्य एका दिशेला सरकत असेल, तर मेंदू ते दृश्य स्थिर आणि स्वतःला चल मानतो. एखादा खांब नजरेस पडला की भास तत्काळ विरतो. खुलासा माहीत असूनही पुढच्या खेपेला आपण पुन्हा फसतो, हे विशेष.

रेल्वे येण्याच्या कितीतरी आधी ही गोष्ट नावेतल्या माणसांना ठाऊक होती. इ.स. 499 मध्ये आर्यभटांनी तिचा नेमका उपयोग केला. पुढे जाणाऱ्या नावेत बसलेल्या माणसाला काठावरच्या अचल वस्तू जशा उलट दिशेला जाताना दिसतात, तसेच अचल तारे लंकेत, म्हणजे विषुववृत्तावर, पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे त्यांनी एका श्लोकात म्हटले. गॅलिलिओंनी 1632 मध्ये जहाजाच्या बंद खोलीचे उदाहरण घेतले, आणि विसाव्या शतकात आइन्स्टाइन यांनी सापेक्षता समजावून सांगताना आगगाडी आणि तिच्या बाजूचा बांध निवडला. शेजारच्या गाडीकडे पाहत बसलेला प्रवासी तसा चांगल्या संगतीत आहे.

असे दृश्य कुठे दिसेल, हे मात्र बरेचसे रूळ मांडणाऱ्या अभियंत्याच्या हाती असते. चार रुळांच्या मार्गावर दोन मांडण्या संभवतात. एका मांडणीत धिम्या गाड्यांचे दोन रूळ एकीकडे आणि जलद गाड्यांचे दोन रूळ दुसरीकडे असतात. त्यामुळे एकाच दिशेने जाणाऱ्या दोन गाड्यांच्या मध्ये उलट दिशेचा एक रूळ येतो, आणि शर्यत ऐन रंगात असताना त्यावरून एखादी गाडी धडधडत येऊन पडदा पाडते. दुसऱ्या मांडणीत एकाच दिशेचे रूळ लगत असतात. टोकियोत यामानोते आणि केइहिन-तोहोकू हे दोन मार्ग ताबातापासून शिनागावापर्यंत सोबतीने जातात, आणि वाटेतल्या बऱ्याच स्थानकांत एकाच फलाटाच्या दोन्ही कडांना एकाच दिशेच्या गाड्या लागतात. 1956 पर्यंत या दोन्ही सेवा एकाच रुळांवरून धावत. गर्दी वाढली तेव्हा त्यांना स्वतंत्र रूळ दिले गेले, आणि हिरव्या पट्ट्याच्या गाडीशेजारी निळ्या पट्ट्याची गाडी हे तिथले रोजचे दृश्य झाले.

शिकागोच्या दक्षिण भागातील एंगलवुड स्थानकाची गोष्ट मात्र प्रतिष्ठेची होती. न्यूयॉर्क सेंट्रल कंपनीची ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड आणि पेनसिल्व्हेनिया रेल्वेची ब्रॉडवे लिमिटेड या एकमेकींच्या हाडाच्या प्रतिस्पर्धी गाड्या. 15 जून 1938 रोजी दोन्ही कंपन्यांनी एकाच दिवशी आपापली नवी, वाऱ्याला कापत जाणाऱ्या सुबक घाटाची गाडी सुरू केली. एकीचा आराखडा हेन्री ड्रायफस यांचा, दुसरीचा रेमंड लोवी यांचा, आणि न्यूयॉर्क ते शिकागो हे अंतर दोघीही 16 तासांत तोडणार. शिकागोहून निघाल्यावर दोघी एंगलवुडला थांबत, आणि तिथून पूर्वेला काही मैल त्यांचे रूळ लगत होते. वेळापत्रकात शर्यत हा शब्द कुठेही नव्हता. पण शेजारी कट्टर प्रतिस्पर्ध्याचे इंजिन वाफ सोडत उभे असताना कोणता चालक मागे राहायला राजी होईल?

शर्यतीचा निकाल अखेर लागतो तो सिग्नलच्या केबिनमध्ये. 1895 च्या उन्हाळ्यात लंडनहून स्कॉटलंडमधील ॲबरडीनला जाणाऱ्या पूर्व आणि पश्चिम अशा दोन मार्गांवरच्या कंपन्या रात्रीमागून रात्री एकमेकींशी झुंजत होत्या. हे मार्ग किनाबर जंक्शनला एकत्र येत आणि पुढचे शेवटचे 61 किलोमीटर दोघींना एकाच लोहमार्गाने जावे लागे. म्हणून किनाबरचा सांधा ज्याच्या बाजूने पडेल तो जिंकला. 22 ऑगस्टच्या रात्री निघालेल्या पश्चिम मार्गाच्या गाडीने 540 मैल 512 मिनिटांत पार केले. त्या दिवसांतली एक आख्यायिका अशी सांगतात, की एकदा दोन्ही गाड्यांच्या आगमनाची घंटा केबिनमध्ये एकाच वेळी वाजली, आणि तिथल्या माणसाने स्वतःच्या कंपनीची गाडी अडवून प्रतिस्पर्ध्याला वाट दिली. खरी असो वा रचलेली, ही गोष्ट रेल्वेतल्या माणसांना फार आवडते.

आता आपल्या गाडीत परत येऊ. दोन डब्यांच्या भिंतींमध्ये या ठिकाणी जेमतेम दीड मीटरची फट आहे. 1964 मध्ये सुरू झालेल्या तोकाइदो शिनकानसेन या जपानच्या अतिवेगवान रेल्वेमार्गावर तर दोन गाड्या एकमेकींपासून 80 सेंटीमीटरच्या अंतराने जातात. त्या फटीतून मघापासून ऊन आत येत होते, ते आता रुंद होऊ लागले आहे. पुढे सांधे आहेत. शेजारच्या गाडीचे इंजिन डावीकडे कलले, पाठोपाठ एकेक डबा त्याच जागी मान वळवतो आहे, आणि मधल्या खडीच्या पट्ट्यात आधी गवत, मग एक खांब, मग आणखी एक रूळ आला. पेंगणारा माणूस जागा झाला आहे आणि वर्तमानपत्र सावरताना त्याची नजर पहिल्यांदाच आपल्याकडे गेली. काचेशी बसलेल्या मुलाने हात वर केला. आपण हात हलवेपर्यंत मध्ये मालगाडीची उभी वाघिण आली, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी.