सँ-लाझारमधली बंदिनी

श्रोतेहो, नमस्कार.

फ्रेंच राज्यक्रांतीचे स्वागत करणारा, आणि पुढे तिच्यातल्या रक्तपाताविरुद्ध वृत्तपत्रांतून परखडपणे लिहिणारा कवी आंद्रे शेनिए ७ मार्च १७९४ रोजी पॅरिसजवळच्या पासी येथे पकडला गेला. त्याला ज्या सँ-लाझार तुरुंगात ठेवले, तिथे उमराव, धर्मगुरू, चित्रकार असे नाना तऱ्हेचे कैदी होते. त्यांच्यातच होती २४ वर्षांची एमे द क्वान्यी.

तिच्यावर शेनिएने लिहिलेली ‘तरुण बंदिनी’ ही कविता वाचताना पहिले नवल वाटते ते असे की, नऊ कडव्यांपैकी सात कडवी तिच्याच तोंडी आहेत. कोवळ्या कणसाला विळा लागत नाही, द्राक्षवेल सारा उन्हाळा पहाटेचे दंव पीत राहते, मग मीच आताच का मरावे, असे ती विचारते. मी नुसता वसंत पाहिला आहे, मला सुगी पाहायची आहे, असे म्हणते. त्याच काळात शेनिए स्वतःविषयी लिहीत होता तेव्हा सूर अगदी वेगळा होता. तिथे मृत्यूचा निरोप्या अंधाऱ्या, लांबलचक वाटांमधून त्याचे नाव पुकारत येतो. कागदाच्या अरुंद पट्ट्यांवर बारीक अक्षरांत लिहिलेल्या त्या ओळी धुण्याच्या कपड्यांत दडवून बाहेर पाठवल्या गेल्या, असे सांगतात.

एमेचे मन मात्र त्याच तुरुंगातल्या मोंत्रों नावाच्या रंगेल गृहस्थात गुंतले होते. पुढे तिने त्याच्याशी लग्न केले, आणि ते मोडलेही. शेनिएला २५ जुलैला गिलोटिनवर, म्हणजे शिरच्छेदाच्या यंत्रावर, चढवले. त्या रक्तपातामागचा प्रमुख नेता रोबेस्पिएर, त्याची सत्ता कोसळली ती त्यानंतर दोनच दिवसांनी. एमे वाचली आणि १८२० पर्यंत जगली. नाटकवाल्यांना हे असे एकतर्फी कसे रुचावे? १८९६ मध्ये मिलानला रंगलेल्या ऑपेरात नायिकेला तिचेच आडनाव दिले आणि तिला कवीबरोबर हसतमुखाने मरायला पाठवले.

कवितेत शेनिए स्वतः येतो तो शेवटच्या दोन कडव्यांत, आणि तिथेही ‘माझे प्रेम आहे’ असे म्हणत नाही. ही सुंदरी कोण होती, असे पुढे कुणी रसिक विचारील, एवढेच तो म्हणतो. आणि जाता जाता सांगतो की, जे तिच्या सहवासात दिवस काढतील, त्यांनाही तिच्यासारखीच ते दिवस सरण्याची भीती वाटेल.