चतुर्थीच्या आधी चार दिवस

(दृश्य : देवगडजवळचं कौलारू घर. माळ्यावरून माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट, खाली येते.)

चतुर्थीला चार दिवस आहेत. मुंबईचे चाकरमानी गावाकडं निघालेत आणि या घरातला धाकटा मुलगा मुंबईकडं. माटवी त्यानं उतरवली, धुतली, काथ्यानं गणपतीच्या जागेवर टांगली. कवंडळं, कांगला, तेरडा ही रानातली फळंफुलं मागाहून थोरला भाऊ तिला बांधेल. तोवर हा सिंगापूरला जहाजावर चढलेला असेल.

हा एबी आहे, म्हणजे डेकवरचा अनुभवी खलाशी. करार नऊ महिन्यांचा, एखादा महिना पुढंमागं. गावात विचारलंत तर ‘बोटीवर असता’ एवढंच सांगतील.

(दृश्य : पडवी. निळी फाइल, एकेक कागद जवळून.)

पासपोर्ट. सीडीसी, म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक. प्रत्येक बोटीच्या साइन ऑन, साइन ऑफची नोंद हिच्यात. डीजी शिपिंगनं, म्हणजे जहाजवाहतुकीच्या सरकारी खात्यानं, मान्यता दिलेल्या डॉक्टरचं मेडिकल. आग विझवणं, बुडत्या जहाजावरून जीव वाचवणं, या कोर्सची सर्टिफिकेटं. त्यातली काही दर पाच वर्षांनी ताजी करावी लागतात. पीतज्वराच्या लशीचं पिवळं पुस्तक. ही लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी टोचलेली लागते.

त्याची बायको प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढतेय. संकलनात हा शॉट आम्ही मुद्दाम लांब ठेवलाय. कराराची प्रत घरी राहिली पाहिजे, एजन्सीच्या आरपीएसएलचा, म्हणजे खलाशी भरतीच्या सरकारी परवान्याचा, नंबर घरच्यांना माहीत पाहिजे. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला कायद्यानं बंदी आहे. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारातच ती आहे, आणि भारतानं तो २०१५ मध्ये स्वीकारला. तरी पहिल्या बोटीसाठी यानं एका दलालाला पैसे मोजले होते, आईच्या पाटल्या मोडून. बोट मिळालीच नाही. तेव्हा घरात कुणाकडं साधी पावतीसुद्धा नव्हती. आता बायकोकडं वही आहे. विम्याचे हप्ते, लाइटबिलाचा ग्राहक क्रमांक, गॅसचा नंबर. पहिल्या पानावर अलॉटमेंट : पगारातला किती भाग दरमहा थेट तिच्या खात्यात येणार, तो आकडा.

घरी असतो ते महिने पगार नसतो.

(दृश्य : चुलीवर कुळीथ भाजताना. मासळी तोलायच्या काट्याला लटकलेली बॅग.)

तीस किलोची परवानगी आहे, काटा साडेएकतीस दाखवतोय. बॉयलर सूट आणि सेफ्टी शूज कंपनी देते, ते घ्यायचे नाहीत. ट्रिमर हवाच, बोटीवर न्हावी नसतो, एकमेकांचे केस एकमेकांनीच कापायचे. सुका जवळा आधीच बाहेर राहिला, त्याचा वास विमानतळभर फिरेल. आता कुळथाच्या पिठीवर पाळी आली, तर आई हात लावू देईना. “थंय मेलां काय गावतला?” म्हणजे तिथं मेलं काय मिळणार? शेवटी एक जीन्स बाहेर निघाली. आमसुलं आणि मसाल्याची बरणी मोज्यांच्या मध्ये बसली.

(दृश्य : ग्रामदेवतेचं देऊळ. पाऊस.)

नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं जातंय.

“बा देवा म्हाराजा, लेकरू दर्याक चल्ला हा…”

“व्हय म्हाराजा!”

“तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!”

२०२० मध्ये कोविडमुळं खलाशांची अदलाबदल थांबली आणि जगभरात सुमारे चार लाख जण करार संपूनही जहाजांवर अडकले. त्या वेळी हा चौदा महिने परतला नव्हता.

(दृश्य : कणकवली स्टेशन, सकाळ.)

मुंबईहून आलेली गाडी रिकामी होतेय. डोक्यावर पिशव्या, हातात मखराचे गुंडाळे, पोरं, भजनाची पेटी. पलीकडं मुंबईला जाणारी गाडी लागलीय. तिच्यात बसायला जागाच जागा. लेक साडेतीन वर्षांची आहे. तिला वाटतंय, बाबा गणपतीचं सामान आणायला चाललाय.

(इथून निवेदन नाही. फक्त गाडीचा आवाज.)