दोन दारांचं घर

(दृश्य : प्लायवूडवर वाळत आलेली माती, अगदी जवळून)

सहा बाय चारचं प्लायवूड. त्यावर फेविकॉलमध्ये कालवलेली पांढरी माती आणि भुस्कट. माती आणलीय औसा तालुक्यातल्या एका जुन्या गावठाणातून. चित्रकर्ती तिथलीच, पण तिथलं घर तिला आठवत नाही. भूकंप झाला तेव्हा ती पाळण्यात होती.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन आटोपून गावं गाढ झोपलेली. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हादरली. लातूर-उस्मानाबादकडची हजारो माणसं गेली, ती बहुतेक घराखाली दबून.

(दृश्य : मातीचे थर)

घरंच तशी होती. दगडमातीच्या दोन-तीन फुटी भिंती, लाकडी तुळया आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात आत गारवा. गळू नये म्हणून मिरगाच्या आधी नवी माती टाकायची, जुनी मात्र कुणी काढायचं नाही. वजन चढत गेलं. चित्रातही तिनं थरावर थर दिलेत. खालचे तडकले तरी लिंपलेले नाहीत. ते बरंच केलं.

(दृश्य : उजवा कोपरा)

इथं निळ्या शाईत नव्या गावाचा नकाशा. ५२ गावं जागेवरून हलवली, आणि घर मिळालं ते जमिनीच्या मापानं : भूमिहीन-अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, त्यावरच्यांना ४००, सात हेक्टरच्या वर असेल त्याला ७५०. हिच्या घरच्यांना २५०. तो चौकोन तिनं आजीच्या लुगड्याच्या काठानं टाचलाय. त्याच मापात काढलेलं जुनं अंगण त्याहून मोठं आहे.

बाकी सगळी आठवण उसनी. आजी सांगते, दार उगवतीला होतं. चुलते म्हणतात, छे, उत्तरेला, मारुतीच्या पाराकडं. ढिगाऱ्यातून वाचलेला फोटो एकच, लग्नातला. त्यात नवरानवरी आहेत, मागं भिंत आहे, दार नाही. मग तिनं दोन्ही दारं लावली. उगवतीच्या दाराला खरी कडी, ढिगाऱ्यातली. दुसऱ्याला रेशनकार्डाच्या झेरॉक्सची चौकट, त्यावर जुन्या गावाचा पत्ता.

आजीनं चित्र बराच वेळ पाहिलं. म्हणाली, “दुसरं दार कामून लावलंस? आपल्याला एकच व्हतं.”

चुलते अजून बघायला यायचेत.