लिनक्स टाकलं आणि वायफाय गेलं

नमस्कार मंडळी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून पुण्यात कितीतरी घरांत हेच चाललंय, की लॅपटॉप अगदी धडधाकट आहे पण विंडोज ११ म्हणतं तुमचा प्रोसेसर जुना, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, जमणार नाही. मग भाचा लॅपटॉप हिंजवडीला घेऊन जातो, लॅन केबल लावून लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम, टाकतो, मस्त चालतंय म्हणून आणून देतो, आणि इथे सदाशिव पेठेत चालू केला तर वायफायचं चिन्हच गायब! आता भाच्याला परत बोलवायचं तर तो ट्रॅफिक सांगणार, त्यामुळे आज आपण आपलं आपणच बघू.

आधी हे कशामुळे होतं ते सांगतो, नाहीतर लोक उगाच राउटर बंद-चालू करत बसतात. वायफाय कार्डाला चालायला फर्मवेअर नावाचा एक छोटा प्रोग्राम लागतो, आणि बहुतेक कार्डं तो स्वतःजवळ ठेवत नाहीत, दर वेळी मशीन सुरू झालं की ऑपरेटिंग सिस्टिमने तो भरवायचा. आता हा प्रोग्राम कंपनीच्या मालकीचा, त्याचा कोड खुला नसतो, म्हणून लिनक्सवाल्यांनी बरीच वर्षं तो बाजूलाच ठेवला. डेबियन या लिनक्सच्या एका जुन्या प्रकाराने तर २०२३ ला १२ वी आवृत्ती आणली तेव्हा कुठे असलं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये आलं. इंटेलचं कार्ड असेल तर शक्यतो काही करावं लागत नाही. रडवतं ते ब्रॉडकॉम, जुन्या डेल, एचपी, मॅकबुकमध्ये हमखास सापडतं, त्याला वेगळा ड्रायव्हर, म्हणजे सिस्टिमला कार्ड वापरायला शिकवणारा प्रोग्राम, लागतो आणि तो ड्रायव्हर असतो इंटरनेटवर. म्हणजे नेट येण्यासाठी नेट पाहिजे!

यातून सुटायला अँड्रॉइड फोन पुरतो. फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा, सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर यूएसबी टेदरिंग असतं ते चालू करा, लिनक्स त्याला लॅन केबल समजतं आणि लगेच नेट सुरू होतं. फोन घरच्या वायफायवर असेल तर बऱ्याच फोनमध्ये तेच नेट लॅपटॉपला मिळतं, मोबाइल डेटा जात नाही (हे ऐकून निम्मे पुणेकर सावरून बसले असतील). टेदरिंगचं बटण पुसट दिसत असेल तर केबल बदलून बघा, काही स्वस्त केबली नुसत्या चार्जिंगपुरत्या असतात, त्यातून डेटा जातच नाही.

नेट आलं की मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर उघडा, उबुंटू हे दुसरं लिनक्स असेल तर त्यात ॲडिशनल ड्रायव्हर्स म्हणतात, तिथे ब्रॉडकॉम दिसेल, ते निवडून अप्लाय करा आणि रीस्टार्ट. आणि इथे खरी गंमत आहे, नीट ऐका. सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी सोय, चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि रीस्टार्ट झाल्यावर एक निळी स्क्रीन येते, ती थोडेच सेकंद थांबते. लोक घाबरून कंटिन्यू बूट दाबतात नाहीतर तेवढ्यात पाणी प्यायला जातात, मग ड्रायव्हर असूनही लोड होत नाही आणि शिव्या लिनक्सला. तिथे एनरोल मॉक (म्हणजे या ड्रायव्हरची सही मान्य करणं) निवडायचं, मग कंटिन्यू, मग येस म्हणायचं, मघाचा पासवर्ड द्यायचा, झालं.

ड्रायव्हर मॅनेजर रिकामाच दिसला तर टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा आणि टाइप करा एल एस पी सी आय, सगळी अक्षरं लहान आणि जोडून. त्यात नेटवर्क कंट्रोलर अशी ओळ शोधा, तिथे कार्डाचं नाव आणि नंबर असतो. मदत मागताना हा नंबर द्या, नुसतं "वायफाय चालत नाही" म्हटलं तर जाणकार माणूससुद्धा काय सांगणार?

काही वेळा कार्ड ओळखलेलं असतं पण विमानाचं चित्र असलेलं बटण दाबलं गेलेलं असतं, तेही बघा. आणि शेजारी विंडोज ठेवलं असेल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करा, ते मशीन पूर्ण बंद होऊच देत नाही आणि काही कार्डं तशीच अर्धवट झोपेत राहतात.

अगदी नव्या लॅपटॉपचं उलटं असतं, तिथे कार्ड नवं आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जुनं. उदाहरणार्थ मीडियाटेकच्या एमटी ७९२५ ला कर्नल ६.७ पासून सपोर्ट आला, त्याआधीच्या कर्नलवर कितीही खटपट करा, उपयोग नाही, कर्नलच अपडेट करा.

तापकीर गल्लीतून यूएसबी वायफाय आणणार असाल तर दुकानदाराला चिप कुठली ते विचारा. "सगळ्यावर चालतं" हे उत्तर चालणार नाही. काही डोंगल लावल्यावर सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात, आत विंडोजचा ड्रायव्हर असतो, ती सीडी इजेक्ट केली की बऱ्याचदा डोंगल वायफाय म्हणून जागं होतं.

ज्यांनी अजून बदललंच नाहीये त्यांनी भाच्याकडून मिंटचा पेन ड्राइव्ह तेवढा मागून घ्या, त्यावरूनच लॅपटॉप सुरू करा, इन्स्टॉल करू नका, आणि आपल्या घरात, आपल्या राउटरवर वायफाय लागतंय का बघा. लागलं तर पुढे जा, नाही लागलं तर कार्डाचा नंबर लिहून घ्या, पेन ड्राइव्ह काढा, रीस्टार्ट करा, तुमचं विंडोज जसंच्या तसं असेल.