ध्रुवपदाच्या पुढे: गाण्यातले संदर्भ कसे ओळखावेत

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बेळगावात ‘कानडा वो विठ्ठलु कर्नाटकु’ ही ओळ गायली गेली की सभागृहात लगेच दोन बाजू पडतात. एक म्हणते, बघा, विठोबा कर्नाटकातला. दुसरी म्हणते, नव्हे, इथे ‘कानडा’ म्हणजे न कळणारा, अगम्य. दोघांच्याही बाजूनं बोलता येतं, आणि हा वाद इथे पिढ्यान्‌पिढ्या चाललेला आहे. पण ज्ञानदेवांच्या त्या रचनेत ‘पांडुरंगकांती’पासून धरली तर सहा कडवी आहेत, आणि आपण दुसऱ्या कडव्याच्या पहिल्या ओळीवरच मुक्काम ठोकून बसलो आहोत. ध्रुवपद वारंवार कानावर पडतं म्हणून अर्थही तिथेच असेल असं वाटतं. बहुतेक वेळा तो पुढच्या कडव्यांत असतो.

म्हणून पहिलं काम, पूर्ण पाठ मिळवणं. मैफलीत दोन-तीन कडवी गातात, कारण रागविस्ताराला तेवढी पुरतात. गायकाची त्यात काही चूक नाही, पण ऐकून उतरवलेल्या पाठावरून अर्थ लावायला बसलो तर घोटाळा होतो. गाथेची एखादी छापील प्रत घ्यावी, शक्य झाल्यास दोन, आणि फरक समासात लिहावेत. कुठे ‘कानडा वो’ छापलेलं दिसेल, कुठे ‘कानडा हो’. असे फरक अर्थ उलटवत नसतील तर सोडून द्यायचे.

दुसरं काम, बोलतंय कोण ते ठरवणं. ‘पाया पडूं गेलें तंव पाउलचि न दिसे’ या ओळीतलं ‘गेलें’ वाचून आपण पुढे जातो. पुढच्या कडव्यात ‘क्षेम देऊं गेलें तंव मीचि मी एकली’ असं येतं. ‘एकली’ या रूपानं निकाल लागतो, बोलणारी स्त्री आहे. ही विरहिणी आहे, प्रियकराच्या भेटीला निघालेली. हे ध्यानात आलं नाही तर गाणं नुसतं देवाच्या रूपाचं वर्णन होऊन बसतं. ध्यानात आलं की ‘खोळ बुंथी घेऊनी खुणेचि पालवी, आळविल्या नेदी सादु’ यातली तक्रार ऐकू येते. तो अंगावर पांघरूण ओढून खुणेनं बोलावतो आणि हाक मारली की ओ देत नाही. लाडिक भांडण आहे हे.

आता सगळ्यात श्रीमंत कडवं: ‘शब्देंविण संवादु दुजेंविण अनुवादु, हें तंव कैसेंनि गमे, परेहि परतें बोलणें खुंटलें, वैखरी कैसेंनि सांगे.’ यातला अर्धा तुकडा तोडून आपण प्रेमात पडलेल्यांच्या तोंडी घातला, त्यालाही हरकत नाही. पण इथे तीन थर आहेत. ‘परा’ आणि ‘वैखरी’ ही वाणीच्या चार पायऱ्यांची दोन टोकं: परा सगळ्यात आतली, अव्यक्त; वैखरी तोंडानं उच्चारलेली. मधल्या पश्यंती आणि मध्यमा न सांगता श्रोत्यानं भरून घ्यायच्या. व्याकरणकार भर्तृहरीच्या ‘वाक्यपदीया’त पश्यंती, मध्यमा, वैखरी अशा तीनच येतात, परा ही चौथी शैव विचारात ठळक झाली. नाथपंथी निवृत्तिनाथांच्या शिष्यानं ‘परेच्याही पलीकडे’ म्हणावं, हे त्या घराण्याला धरून आहे. दुसरा थर तैत्तिरीय उपनिषदाचा: ‘यतो वाचो निवर्तन्ते’, जिथून वाणी परत फिरते. तिसरा थर खुद्द ज्ञानदेवांचाच. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात 58वी ओवी काढून पाहा: ‘हें शब्देंवीण संवादिजे, इंद्रियां नेणतां भोगिजे.’ तिथे श्रोत्यांनी कथा कशी ऐकावी ते सांगितलं आहे आणि इथे विरहिणीची गत सांगितली आहे. शब्द तेच, ‘शब्देंविण’ आणि ‘संवाद’. जागा मात्र बदलली. एकाच कवीच्या दोन रचनांत अशी जोडी सापडली तर तो पुरावा बाहेरच्या कुठल्याही साम्यापेक्षा भक्कम धरावा. उपनिषद शोधायला जाण्याआधी कवीचं स्वतःचं लेखन चाळायचं, ते याच कारणासाठी.

पाचव्या कडव्यात नेहमी होणारी चूक सांगतो. ‘क्षेमालागीं जीव उतावीळ माझा’ यातल्या ‘क्षेम’चा अर्थ खुशाली असा लावतात. जुन्या मराठीत क्षेम देणं म्हणजे मिठी मारणं, आणि ‘म्हणवूनि स्फुरताति बाहो’ ही पुढचीच ओळ ते सांगते. खुशाली विचारायला बाहू कशाला स्फुरतील? शिवाय बाहू स्फुरणं हा संस्कृत काव्यातला ठरलेला संकेत आहे, होणाऱ्या भेटीचा शकुन. कालिदासाच्या शाकुंतलाच्या पहिल्या अंकात आश्रमात शिरताना दुष्यंताचा बाहू स्फुरतो आणि तो चकित होतो, या शांत जागी याचं फळ काय? तो शकुन खरा ठरतो, शकुंतला भेटते. इथे मात्र विरहिणी मिठी मारायला जाते आणि हाती कोणी लागत नाही, ‘मीचि मी एकली’. शकुन खोटा ठरला का? नाही. भेट झाली, पण दुसरं कोणी उरलंच नाही. संकेत माहीत नसेल तर ही ओळ निराशेची वाटते.

शेवटच्या कडव्यात नाममुद्रा, म्हणजे कवीची सही, ‘बाप रखुमादेविवरु’. आणि मग ‘दृष्टीचा डोळा पाहों मी गेलें, तंव भीतरीं पालटु झाला.’ केनोपनिषदात ब्रह्माला ‘चक्षुषश्चक्षुः’ म्हटलंय, डोळ्याचा डोळा. आणि तिथे डोळा पोचत नाही, वाणीही पोचत नाही, असं लगेच पुढे येतं. अभंगात वाणी आधी खुंटली, आता डोळाही आत वळला. क्रम उलटा आहे, पण दोन्ही हजर आहेत. एक शब्द जुळला तर योगायोग म्हणता येईल. शब्दाबरोबर सगळी मांडणी जुळली की संदर्भ मानायला हरकत नाही.

आता आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाकडे वळू. बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर, जन्म 1843, गाव गुर्लहोसूर. 1880 साली ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आलं. त्याची नांदी पाठ नसलेला नाट्यवेडा सीमाभागात विरळाच, पण ‘पंचतुंड नररुंडमालधर’ म्हणजे नेमकं कोण, हे विचारलं की बरेच जण गणपती सांगतात. पाच मुखांचा, नरमुंडांची माळ घातलेला, तो शंकर. ‘पार्वतीश आधीं नमितो’ आणि ‘विघ्नेश्वर गणपति मग तो’ असं कवी स्वच्छ सांगतो. गणपतीला मागे का ठेवलं? कारण मूळ शाकुंतलाची नांदी शिवाच्या आठ रूपांची आहे, आणि तिच्यात शेवटचा शब्द ‘ईशः’ आहे. मूळ नाटकाचा मान राखला, एवढंच.

या नांदीत पाठ तपासायला मात्रा मोजायच्या: ऱ्हस्व अक्षराची एक; दीर्घ, अनुस्वाराच्या किंवा जोडाक्षराआधीच्या अक्षराच्या दोन. प्रत्येक ओळ 16 अधिक 14 अशी 30 मात्रांची. ‘पंचतुंड’ 6, ‘नररुंडमालधर’ 10, झाल्या 16. ‘पार्वतीश’ 6, ‘आधीं’ 4, ‘नमितो’ 4, झाल्या 14. कुणी ‘माळाधर’ लिहिलं की एक मात्रा वाढली. ‘ईशवराचा लेश मिळे तरि’ या ओळीत ‘ईश्वराचा’ लिहिलं की एक मात्रा घटली आणि अर्थही गेला. ईशाच्या वराचा, म्हणजे वरदानाचा, लेश हवा आहे. शेवटच्या ओळीत तर गंमतच आहे: ‘या न्यायें बलवत्कवि निजवाक्पुष्पीं रसिकार्चन करितो’. सोळावी मात्रा ‘वाक्’वर संपते. गायकानं तिथे श्वास घेतला की वाणी एकीकडे आणि फुलं दुसरीकडे पडतात. ऐकताना तो समास मनात जोडून घ्यावा लागतो.

‘बलवत्कवि’ ही बळवंतरावांची सही, हे उघड आहे. पण कालिदासाच्या प्रस्तावनेत सूत्रधार म्हणतो, ‘बलवदपि शिक्षितानाम् आत्मन्यप्रत्ययं चेतः’, कितीही शिकलेल्यांचं मन स्वतःविषयी साशंकच असतं. नांदीतही कवी आपल्या यत्नाला ‘मूढ’ म्हणतो. नाव आणि अवतरण एका शब्दात साधलं का? मोह होतो हो म्हणायचा. पण नाव बळवंत असलेला कवी दुसरं काय लिहिणार? म्हणून हे वहीत ‘शक्य’ या खाली लिहायचं, ‘निश्चित’ या खाली नाही. ‘कालिदास कविराज रचित हें’ हा उल्लेख मात्र निश्चित, कारण नाव घेऊनच केला आहे.

खानापूर, चिकोडी, निपाणीकडच्या भजनी वह्यांत मराठी अभंगांच्या मागे कानडी पदंही देवनागरीत उतरवलेली सापडतात. तिथे एक सावधगिरी हवी. कानडीत ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ आहेत, आपल्या नेहमीच्या देवनागरीत त्यांना वेगळी खूण नाही. वहीवरून मात्रा मोजल्या तर हिशेब हमखास चुकतो. कानडी वाचता येणाऱ्याकडून मूळ लिपीतली ओळ तपासून घ्यावी. इथे असा माणूस शेजारच्या घरातच असतो.

‘भाग्यद लक्ष्मी बारम्मा’ भीमसेनजींच्या आवाजात सगळ्यांनी ऐकलं आहे. कानडी संतकवी पुरंदरदासांच्या त्या पदात लक्ष्मीनं कसं यावं? ‘मज्जिगेयोळगिन बेण्णेयंते’, ताकातल्या लोण्यासारखं. ही नुसती घरगुती उपमा समजून सोडू नका. लोणी घुसळल्यावर वर येतं, आणि लक्ष्मीही समुद्रमंथनातूनच वर आली. कवी मंथन हा शब्द उच्चारत नाही. ताक आणि लोणी एवढंच ठेवतो. दारातून येणारी पावलं आधीच्या ओळींत वाजली, इथे ती घरातल्याच रवीखालून निघते. आणि शेवटी अंकित येतं, आपण मुद्रा म्हणतो तेच: ‘पुरंदर विठलन राणी’. ज्ञानदेवांनी विठ्ठलाची ओळख रखुमाईचा वर अशी दिली, पुरंदरदासांनी लक्ष्मीची ओळख विठ्ठलाची राणी अशी. दोन्ही ठिकाणी ही ओळख शेवटच्या कडव्यात आहे, आणि मैफलीत वेळ संपत आली की गाळलं जातं तेही बहुधा तेच कडवं.